व्हायोलिनवादन आणि अध्यापन : निवासी शाळेची पूर्णवेळ नोकरी स्वीकारावी का?

लष्करची_वादक (ग्वाल्हेर)

सर्व जाणकारांना सविनय नमस्कार.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते. व्हायोलिन हा मुख्य विषय घेऊन एम.ए. पूर्ण केले आहे आणि आकाशवाणीची ‘बी’ श्रेणी मला मिळालेली आहे. गुरुजींकडे गायकी अंगाची, म्हणजे गळ्यातून गावे तसे वाद्यावर वाजवण्याची तालीम चालू आहे. बंदिश आधी गळ्याने म्हणायची, ती तिलवाडा किंवा एकताल या तालांत नीट बसली की मगच गज (व्हायोलिनचा बो) उचलायचा, अशी त्यांची शिस्त आहे. सध्या ते माझ्याकडून बिलंबित, म्हणजे संथ लयीतल्या ख्यालाची बढत (रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार) करून घेत आहेत आणि पुढच्या वर्षी ‘टप्पा’ हा चपळ तानांचा गानप्रकार सुरू करू, असे म्हणाले आहेत. ग्वाल्हेर गायकीतला टप्पा गजावर उतरवणे किती कठीण आहे, हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

उपजीविकेसाठी मी एका महाविद्यालयात अतिथी विद्वान म्हणून तासिका घेते, संध्याकाळी घरी मुलांना शिकवते आणि कथकच्या एका वर्गाला लेहऱ्याची, म्हणजे तालाच्या आवर्तनाइतकी एकच धून सतत वाजवण्याची साथ करते. तासिकांचे मानधन उशिरा येते, सुट्ट्यांत ते बंद होते आणि पुढच्या सत्रात बोलावतील की नाही, याची खात्री नसते. वर्षभरात चार-दोन मैफली मिळतात, पण त्यांतून तबलजींची बिदागी आणि प्रवासखर्च वजा जाता हाती फारसे राहत नाही.

अशातच शहराबाहेरच्या एका निवासी शाळेने संगीत शिक्षिकेचे पूर्णवेळ पद देऊ केले आहे. पगार नियमित आहे, राहण्या-जेवण्याची सोय आहे. काम मात्र संपूर्ण शाळेच्या संगीताचे आहे: सकाळची प्रार्थना, समूहगान, स्नेहसंमेलन, बँडची देखरेख आणि वेळ उरल्यास व्हायोलिन शिकू इच्छिणारी मोजकी मुले. बाबा पुढील वर्षी निवृत्त होत आहेत. आई-बाबांनी मला एका शब्दानेही अडवलेले नाही, आणि म्हणूनच ही जबाबदारी मला अधिक जाणवते.

मला मैफलीची वादक व्हायचे आहे आणि शिकवणेही मनापासून आवडते. ही दोन्ही कामे एकमेकांना पोसतील, अशी मांडणी प्रत्यक्षात कशी करता येते? पूर्णवेळ नोकरी घेतल्यावर हात टिकतो का? नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी. करून विद्यापीठाकडे वळावे का? ज्यांनी हे आयुष्य जगले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मंद्रपंचम (ग्वाल्हेर)

संगीत महाविद्यालयात व्हायोलिन शिकवून निवृत्त झालो असल्यामुळे थोडे अधिकाराने आणि बरेचसे आपुलकीने लिहितो.

नोकरी केली की वादक संपतो, ही समजूत आपल्या वाद्याच्या इतिहासाला धरून नाही. पं. विष्णु गोविंद जोग यांनी लखनौच्या संगीत महाविद्यालयात शिकवले आणि पुढे अनेक वर्षे आकाशवाणीत नोकरी केली. डॉ. एन. राजम यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सुमारे चाळीस वर्षे अध्यापन केले आणि गायकी अंगाचे व्हायोलिन देशभर पोहोचवले तेही याच काळात. पं. गजाननराव जोशी तर गायक आणि व्हायोलिनवादक अशा दोन्ही नात्यांनी मोठे. तेही आकाशवाणीत होते आणि त्यांनी शिष्यही घडवले. हिंदुस्तानी व्हायोलिनचा विसाव्या शतकातला बराचसा इतिहास पगारी माणसांनी लिहिला, असे म्हटले तरी ते वावगे ठरणार नाही. आपल्याच गावात माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि पं. भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली 1918 साली माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून शिकवणे हा कलावंताच्या चरितार्थाचा प्रतिष्ठित मार्ग इथे मानला गेला आहे.

परंतु या सर्वांच्या नोकऱ्यांत एक गोष्ट समान होती, आणि तुमच्यापुढे आलेल्या पदात ती मला दिसत नाही. त्यांचे दिवसभराचे काम रागसंगीताच्या सान्निध्यात होते. आकाशवाणीच्या स्टुडिओत रोज उत्तम गवई-बजवय्ये भेटत, विद्यापीठात पुढे बसलेला विद्यार्थी यमन किंवा बिहागच मागत असे. म्हणून नोकरी किती तासांची आहे यापेक्षा, त्या तासांत तुमच्या कानावर काय पडणार आहे आणि उजवा हात काय करणार आहे, हे आधी पाहावे.

कानाचा मुद्दा थोडा उलगडून सांगतो, कारण तो सहसा कोणी बोलत नाही. व्हायोलिनला पडदे नाहीत. स्वराची जागा फक्त कान आणि बोटाची सवय यांनीच सापडते. शाळेतल्या प्रार्थना आणि समूहगाने हार्मोनियमवर किंवा कीबोर्डवर चालतात. त्या वाद्यांचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो. सप्ताहाचे सहा दिवस कानावर तो गंधार पडत राहिला, तर वर्षाअखेरीस भूपाचा गंधार लावताना बोट आपोआप वर सरकते आणि वादकाला ते कळतही नाही. यावर उपाय आहे, पण तो रोज करावा लागतो. शाळेचे काम सुरू होण्यापूर्वी तानपुऱ्यावर निदान मंद्र (खालच्या) आणि मध्य सप्तकाचा रियाज झालाच पाहिजे. दिवसभर शिकवून आल्यावर रात्री वाजवू, हा बेत मी अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत मोडताना पाहिला आहे. दमलेला खांदा गज दाबतो, आणि दाबलेला गज नाद देत नाही.

आता शिकवण्याने वादन पोसते का, याविषयी. नवशिक्यांना शिकवणे हे वादकाच्या दृष्टीने खालच्या दर्जाचे काम आहे, असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. एक उदाहरण देतो. नऊ-दहा वर्षांची मुलगी खुल्या तारेवर लांब गज ओढते आहे. मुठीपासून मध्यापर्यंत नाद स्वच्छ येतो आणि टोकाकडे जाताना गज फिंगरबोर्डवर घसरतो, आवाज पातळ होतो. ती बोटांनी गज आवळून तो सावरू पाहते, त्याने कर्कशपणा वाढतो. दोष बोटांत नसतो. कोपर उघडायच्या ऐवजी ती खांदा मागे नेत असते, म्हणून गजाचा मार्ग वाकडा होतो. हे तिला शब्दांत सांगण्यासाठी शिक्षकाला स्वतःचा गज सावकाश ओढून पाहावा लागतो, आणि मग बिलंबितात स्वर लांबवताना, मींड घेता घेता, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाताना, गज बदलला तर तो सांधा कुठे ऐकू येतो, हे शिक्षकालाही प्रथमच नीट दिसते. एका गजात एक स्वर, मग दोन, चार, आठ असे पलटे मुलांकडून करून घेताना माझा स्वतःचा हात जितका सुधारला, तितका मैफलीच्या तयारीतही सुधारला नव्हता.

हा लाभ केवळ व्हायोलिन शिकवण्यातून मिळतो. समूहगान बसवण्यातून दुसरे पुष्कळ काही मिळत असेल, पण हे मिळत नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: पद जसे सांगितले आहे तसेच असेल, तर टप्प्याची तालीम सुरू व्हायच्या उंबरठ्यावर ते घेऊ नये. ख्याल एकदा अंगी मुरला की तो काही काळ थांबू शकतो. टप्प्याची दाणेदार, उड्या घेणारी तान मात्र गुरूंच्या समोर बसून, त्यांच्या तोंडून ऐकत ऐकतच हातात येते.

गज_आणि_तार (इंदूर)

मंद्रपंचम यांच्या अनुभवापुढे मी लहान आहे, तरीही नम्रपणे एक वेगळी बाजू मांडतो, कारण मी स्वतः अशाच एका शाळेत काही वर्षे नोकरी केली आणि आज पूर्णवेळ वादक व शिक्षक आहे.

पैशाची चणचण हातावर जो परिणाम करते, तो शाळेच्या हार्मोनियमपेक्षा कमी नसतो. नियमित उत्पन्न नसले की समोर येईल तो कार्यक्रम घ्यावा लागतो. गणेशोत्सवात आमच्या इंदुरात भावगीत-नाट्यगीतांच्या कार्यक्रमांना व्हायोलिनवादक हवा असतो आणि ते काम मला मनापासून प्रिय आहे. नाट्यपदाच्या मागे राहून गायकाची जागा भरून काढणे ही मोठी कला आहे. पण लागोपाठ वाद्यवृंदाचे कार्यक्रम करत राहिले की लहान, तुटक गज, ठरलेले तुकडे आणि पिकअपमधून येणारा आवाज यांची सवय जडते. मग एकट्याने तासभर राग मांडायला बसल्यावर आलापीतला दम कमी पडतो. पगार सुरू झाल्यावर मला पहिल्यांदा काही निमंत्रणांना नकार देता आला, आणि मिळणारे मोजके स्वतंत्र वादन मी तयारीनिशी करू शकलो. त्याच पगारातून मी वाद्यही बदलले. तोवर मी रामपूरला बनलेले साधे व्हायोलिन वाजवत होतो; ते शिकण्यासाठी उत्तम होते, पण मंद्रातला त्याचा नाद सभागृहात मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नसे.

म्हणून माझा सल्ला असा की नोकरी सरसकट नाकारण्यापूर्वी ती किती काळासाठी आणि कोणत्या उद्देशाने घ्यायची, हे ठरवावे. दोन वर्षांत वाद्य, गाठीला थोडी शिल्लक आणि आकाशवाणीची पुढची श्रेणी, असा नेमका हेतू असेल तर ती पायरी ठरते. ‘बी’वरून ‘बी-हाय’ आणि तिथून ‘ए’ हा प्रवास पुढे फार उपयोगी पडतो. प्रसारणाचे मानधन तर त्यावर ठरतेच, पण आयोजकही श्रेणी विचारतात.

शिवाय आपण केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाच्या योजना पाहिल्या आहेत का? 18 ते 25 वयोगटातील तरुण कलाकारांना गुरूंकडे शिकण्यासाठी दोन वर्षे दरमहा 5,000 रुपयांची शिष्यवृत्ती आहे. 25 ते 40 वयोगटासाठी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती आहे, ती दरमहा 10,000 रुपयांची आणि तीही दोन वर्षांची. यासाठी विषयाचा प्रस्ताव लिहून द्यावा लागतो. ‘ग्वाल्हेर गायकीतील टप्पा आणि व्हायोलिनवरील गजकाम’ हा विषय आपण तालमीतून जगतच आहात. या रकमेत घर चालत नाही, हे खरे, पण तासिका आणि शिकवण्या यांच्या जोडीला ती आली तर सुट्टीतले महिने निभावतात.

लेहऱ्याचे काम मात्र सोडू नये, ही विनंती. सोळा मात्रांचे एकच आवर्तन अर्धा तास एका वजनात धरून ठेवणे ही लयीची अशी तालीम आहे की तिच्यासाठी आपणच कोणाला तरी गुरुदक्षिणा द्यावी.

सयाजीनगरी (वडोदरा)

विद्यापीठाविषयीच्या प्रश्नाला थोडक्यात उत्तर देतो. मी वडोदऱ्यात उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात आहे. सयाजीराव महाराजांनी 1886 साली मौलाबक्षांच्या हाती सोपवलेल्या संगीतशाळेतून पुढे विद्यापीठाची विद्याशाखा उभी राहिली, त्या परंपरेच्या सावलीत अनेक कलावंत-प्राध्यापक मी जवळून पाहिले आहेत.

सहायक प्राध्यापक होण्यासाठी सामान्यतः पदव्युत्तर पदवीसोबत नेट किंवा पीएच.डी. लागते. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत संगीतासाठी एक दुसरा दरवाजाही आहे: नामवंत गुरूंकडे शिक्षण, आकाशवाणी-दूरदर्शनची वरची श्रेणी आणि विषय सप्रयोग समजावून देण्याची क्षमता असलेल्या पदवीधर कलावंताचाही विचार होऊ शकतो. प्रत्यक्षात जागा अतिशय कमी निघतात आणि व्हायोलिनच्या तर त्याहून कमी, म्हणून दोन्ही बाजूंनी तयारी ठेवावी. नेटचा अभ्यास आताच करून टाका. त्यातला इतिहास, श्रुती-स्वर विचार आणि ग्रंथांची ओळख यांसाठी काही महिने पुरतात आणि रियाज बंद पडत नाही. पीएच.डी. मात्र घाईने घेऊ नका. पदासाठी उरकलेला प्रबंध वाद्यापासून बरीच वर्षे दूर नेतो. आपण टप्प्याची तालीम घेऊन चार मैफलींत तो वाजवला की त्याविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ सापडेल, आणि ते दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही.

लष्करची_वादक (ग्वाल्हेर)

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. गंधाराविषयी वाचल्यावर काल तानपुऱ्यावर भूप लावून मुद्दाम तपासले आणि आपले म्हणणे किती महत्त्वाचे आहे, हे लक्षात आले.

‘गज_आणि_तार’ यांचे म्हणणेही मनाला पटते, कारण माझ्या व्हायोलिनचा मंद्रही असाच मागे राहतो. शाळेने उत्तरासाठी महिनाअखेरपर्यंत वेळ दिला आहे. मंद्रपंचम सर, पदाच्या स्वरूपात काही बदल मागता येईल का? आणि नोकरी नाकारली, तर घरच्या शिकवण्या अधिक पक्क्या पायावर कशा उभ्या कराव्यात? सध्या मुले येतात, सहा महिने शिकतात आणि सोडून जातात.

मंद्रपंचम (ग्वाल्हेर)

बदल जरूर मागावा, आणि तो लेखी मागावा. शाळेला तीन दिवसांचे किंवा अर्धवेळ पद चालेल का, हे विचारा. निवासाऐवजी घरून येण्याची मुभा मागा आणि व्हायोलिनच्या वर्गासाठी वेळापत्रकात राखीव तास ठेवून घ्या. ‘वेळ उरल्यास’ या शब्दांवर विसंबू नये, शाळेत वेळ कधीच उरत नाही. डिसेंबरात हजिऱ्यावर, तानसेनांच्या समाधीपाशी, तानसेन समारोह असतो, त्याच सुमारास शाळांची स्नेहसंमेलने येतात. समारोहाच्या सभा ऐकायला रजा मिळेल का, तेही आधीच विचारून घ्यावे. तुमच्या वयात त्या सभा चुकवणे परवडत नाही. एवढे त्यांनी मान्य केले, तर इंदूरच्या स्नेह्यांनी सुचवल्याप्रमाणे दोन वर्षांसाठी जाण्यास माझा विरोध नाही, मात्र गुरुजींची संमती घेऊनच.

मुले सहा महिन्यांत सोडून जातात, याचे पहिले कारण बहुधा वाद्य असते. पालक पुढे उपयोगी पडेल म्हणून पूर्ण मापाचे व्हायोलिन आणतात आणि आठ वर्षांच्या मुलाचा हात ताणला जाऊन मनगट दुखते. वयाप्रमाणे पाव, अर्धे किंवा पाऊण मापाचेच वाद्य घ्यायला सांगा. शक्य असल्यास तशी दोन-तीन वाद्ये स्वतःजवळ ठेवून नाममात्र भाड्याने द्या. नवे वाद्य आले की घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी), साउंड पोस्ट (वाद्याच्या आतली लाकडी दांडी) आणि खुंट्या तुम्ही स्वतः तपासून द्या. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात लाकूड सुकून खुंट्या सुटतात, तारा उतरतात; घरी कोणाला जुळवता येत नाही, मूल आठवडाभर बेसूर वाजवते आणि कंटाळते. पालकांपैकी एकाला तार जुळवायला शिकवले, तर निम्मी गळती थांबते, असा माझा अनुभव आहे. शिकवणीच्या सुरुवातीला दहा मिनिटे सर्वांनी मिळून तानपुऱ्यावर सा लावण्याची आणि बंदिश म्हणण्याची प्रथा ठेवा. गाता येणारे मूल वाद्य लवकर सोडत नाही, कारण हातून येत नसलेली गोष्ट त्याला मनात ऐकू येत असते.

दुसरे कारण असे की, घरच्यांना प्रगती दिसत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा यासाठी उपयोगी आहेत. प्रारंभिकपासून मध्यमेपर्यंत मुलांना आणि पालकांना एक दिशा मिळते. फक्त परीक्षेचे राग वर्षभर घोटत बसू नये. त्याऐवजी तीन महिन्यांतून एकदा आपल्याच दिवाणखान्यात छोटी बैठक ठेवा. आधी मुलांनी वाजवावे, शेवटी तुम्ही स्वतः तबल्याच्या साथीने पाऊण तास एक राग मांडावा. मुले आपल्या शिक्षिकेला वाजवताना ऐकतील, पालकांना शुल्क कशाचे देतो ते कळेल आणि तुम्हाला वर्षाकाठी चार मैफली हक्काच्या मिळतील.

शुल्काविषयी संकोच बाळगू नये. महिन्याच्या सुरुवातीलाच घ्यावे, आणि ज्याला खरोखर जमत नाही त्याच्याकडून घेऊ नये, पण हे आपण ठरवावे, समोरच्याने ठरवू नये.

गज_आणि_तार (इंदूर)

वाद्य बदलण्याचा विचार असेल, तर घाईने महागडे घेण्याआधी एक करून पाहा. सध्याच्या व्हायोलिनच्या तारा बदला, घोडी नीट बसवून घ्या आणि साउंड पोस्ट जाणकाराकडून किंचित सरकवून पाहा. मंद्राचा नाद याने पुष्कळदा उघडतो. तुमच्या तारा पंचम-षड्ज-पंचम-षड्ज अशा जुळवलेल्या आहेत की षड्ज-पंचम-षड्ज-पंचम, आणि पट्टी कोणती (षड्ज किती उंच धरता), ते कळवा. गायकी अंगासाठी पट्टी खाली ठेवली की जाड तार सैल पडते आणि नेहमीचा संच तिथे दबून वाजतो, त्याला अधिक जाडीची तार लागते. हे कळले की कोणत्या तारा घ्याव्यात, ते मी लिहीन.